कोणती गाडी धरावी?

वाचनभाग: लूक 14:28-30

सिल्वासातील आमच्या मंडळीतला एक तरुण अवजड वाहनाचा नवा परवाना घेऊन आला. पुढे दोन नोकऱ्या: एक दिल्लीकडची, पैसे फेरीप्रमाणे, दुसरी कारखान्यातून वापीपर्यंत, पगार थोडा पण महिन्याचा. आम्ही म्हटले, बाळा, बुरूज बांधणाऱ्यासारखा आधी हिशेब कर. माल मिळेपर्यंत गाडी उभी राहिली तर त्या दिवसांचे काय? माल कमी भरला तर कोणाच्या पैशातून कापणार? आणि जादा भार? 2019 च्या दुरुस्तीने त्याला 20,000 रुपये व प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंड ठरवला. चालकही त्यातून सुटत नाही.

त्याने दिल्लीच्या मालकाला एवढेच विचारले. मालक म्हणाला, “पुढे बघू.”

तरुण आता वापीच्या गाडीवर आहे. घरात ओढाताण आहेच; पण उपासनेला येतो.