मृगाआधी चार बैठका : घराची आपत्तीची तयारी



अक्षय्य तृतीया झाली की आपल्या जिल्ह्यात सगळ्यांचे कान भेंडवळकडे लागतात. घटमांडणीत यंदा पाऊस कसा सांगितला, कोणतं पीक साधणार, याची चर्चा पारावरही होते आणि नळावरही. ऐकावं, चर्चाही करावी. पण पाऊस कमी येवो की जास्त, पाणी घरात शिरलं तर आधी काय उचलायचं, हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

२२ जुलै २०२३ चा दिवस आठवा. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत असा पाऊस झाला की नदी-नाले गावात आले. गावांचा संपर्क तुटला. काथरगावात शंभरावर माणसं पुरात अडकली. वावरं खरडून गेली. त्या दिवशी ना दुकान उघडं होतं, ना रस्ता, ना लाईट. घरात जे होतं, तेवढंच हाताशी होतं.

एक चूक माझ्या हातूनही झाली आहे, ती सांगते. एका पावसाळ्यात आमच्या गटाची पुस्तकं माझ्याकडे होती. मी ती खाटेखालच्या पेटीत ठेवली. रात्री घोटाभर पाणी घरात आलं आणि पेटी ओली झाली. शाईच्या पेनाने लिहिलेलं कर्जखातं पार पुसून गेलं. कोणाचं किती कर्ज बाकी, यावरून दोन बैठका नुसती कुरबूर झाली. शेवटी प्रत्येकीचं वैयक्तिक पासबुक गोळा करून हिशेब जुळवला. पासबुकं शाबूत होती म्हणून गट टिकला. तेव्हापासून मी म्हणते, तयारीला पैसा थोडा लागतो, पण ठरवावं आधी लागतं.

म्हणून या पाठाचे चार भाग केले आहेत. मृग नक्षत्र लागायच्या आधी चार साप्ताहिक बैठका घ्या आणि दर बैठकीला एक भाग पूर्ण करा.

पहिली बैठक : पाणी आणि खाणं

पिण्याला आणि सयपाकाला माणशी रोज निदान ५ लिटर पाणी धरा. पाच माणसांच्या घराला तीन दिवसांचं ७५ लिटर होतं, म्हणजे १५ लिटरच्या पाच कॅन. झाकणाच्या कॅन घासून धुवा, भरा आणि उंचावर ठेवा. दर पंधरा दिवसांनी ते पाणी भांड्या-धुण्याला वापरून ताजं भरा.

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या बाजूच्या खारपाणपट्ट्यातल्या ताईंनी हे जास्त मनावर घ्यावं. वीज गेली की नळ थांबतो, आणि बोअरचं खारं पाणी पिता येत नाही. लक्षात ठेवा, उकळल्याने जंतू मरतात, खार जात नाही. उलट पाणी आटलं की खारटपणा वाढतो. म्हणून गोड पाण्याचा साठा आधीच हवा.

पुरानंतर पाणी गढूळ येतं. ते असं शुद्ध करा : आधी तुरटी फिरवून गाळ खाली बसू द्या. वरचं नितळ पाणी स्वच्छ सुती कापडाच्या चार घड्यांतून गाळा. मग खळखळ उकळी येऊ द्या आणि एक मिनिटभर तशीच ठेवा. नुसत्या तुरटीने पाणी स्वच्छ दिसतं, पण जंतू मरत नाहीत. सरपण नसेल तर आशाताईंकडून क्लोरीनचं औषध घ्या, बाटलीवर लिहिलं तेवढंच टाका आणि अर्धा तास थांबा.

जुलाब लागले तर जलसंजीवनीचं पाकीट वापरा. पाकीट नसेल तर १ लिटर शुद्ध पाण्यात साखरेचे ६ सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट छोटा चमचा. मीठ जास्त पडलं तर लेकराला अपाय होतो, म्हणून अंदाजाने टाकू नका, चमच्यानेच मोजा.

खाण्याचा डबा चूल न पेटवता खाता येईल असा भरा : फुटाणे, शेंगदाणे, गूळ, मुरमुरे, ज्वारीच्या लाह्या, सातूचं पीठ. त्यातच प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली काडीपेटी आणि मीठ ठेवा. थोड्या गोवऱ्या आणि वाळलं सरपण घरात उंचावर टाका.

दुसरी बैठक : कागद, पैसा आणि उजेड

घरातली सगळी महत्त्वाची कागदं एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला : आधार, रेशन कार्ड, बँकेचं आणि गटाचं पासबुक, सातबारा, विम्याची पावती, लेकरांचं लसीकरणाचं कार्ड. पिशवीचं तोंड दोनदा दुमडून दोरीने आवळा आणि ती दाराजवळच्या उंच खुंटीला टांगा. पेटीत कुलूपबंद ठेवू नका, घाईत चावी सापडत नाही. एक झेरॉक्स संच दुसऱ्या गावच्या पाहुण्यांकडे ठेवा.

त्याच पिशवीत १०-२०-५० च्या नोटांचे पाचशे रुपये ठेवा. लाईट आणि नेटवर्क गेलं की मोबाईलवरून पैसे जात नाहीत, आणि मोठी नोट कोणी सुटी करून देत नाही.

टॉर्चचे सेल बाहेर काढून ठेवा, आत राहिले तर गळतात. आभाळ भरून आलं की लगेच मोबाईल चार्ज करा. महत्त्वाचे नंबर मोबाईलमध्ये असतातच, पण मोबाईल बंद पडला तर? दाराच्या मागे खडूने किंवा पेन्सिलीने मोठ्या अक्षरात लिहा : रुग्णवाहिका १०८, कोणतीही मदत ११२, जिल्हा आपत्ती कक्ष १०७७, गॅस गळती १९०६. खाली सरपंच, पोलीस पाटील आणि आशाताईंचा नंबर.

गटाच्या सचिव ताईंसाठी : पुस्तकं बॉलपेननेच लिहा, प्लास्टिकमध्ये ठेवा, आणि प्रत्येकीचं पासबुक दर बैठकीला भरा. तुमचं रजिस्टर भिजलं तरी दहा घरांत दहा पासबुकं राहतील.

तिसरी बैठक : जीव वाचवायच्या सवयी

*वीज :* पेरणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत आपण वावरात असतो, तेव्हाच विजांचा धोका जास्त. वीज चमकली की मोजायला लागा. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर काम सोडून पक्क्या घरात जा. झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. घर लांब असेल तर विळा-कुदळ टाका, एकमेकींपासून अंतर ठेवा, पाय जुळवून उकिडव्या बसा, आडव्या पडू नका.

*पूर :* पाणी चढायला लागलं आणि पाय कोरडे असतील तर मेन स्विच बंद करा. सिलिंडर बंद करा. ढोरांचे दावे सोडा. बांधलेलं ढोर बुडतं, मोकळं ढोर उंच जागा शोधतं. वाहत्या नाल्यात पाय घालू नका. अर्धा फूट जोराचं पाणीही माणसाला पाडतं. “रोजचा नाला आहे” या भरवशावर राहू नका.

*साप :* पुराच्या पाण्यासोबत साप घरात येतात. चावला तर त्या माणसाला झोपवा, धीर द्या, हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलू देऊ नका. बांगड्या, अंगठी, जोडवी लगेच काढा, सूज आली की निघत नाहीत. करकचून दोरी बांधणं, चिरा देणं, विष चोखणं यातलं काहीच करू नका. चावल्याची वेळ लक्षात ठेवा आणि १०८ ला फोन लावा. औषध सरकारी दवाखान्यात आहे. झाडफुकीत गेलेला तास परत येत नाही.

*कोण काय करणार :* घरातल्या सगळ्यांनी एकदा बसून वाटणी करा. सासूबाईंचा हात कोण धरणार? लहान्याला कोण उचलणार? पिशवी कोण घेणार? चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, शाळा की देऊळ? मग एकदा खरोखर करून पाहा. पोरांना गंमत वाटेल, पण लक्षात राहील.

चौथी बैठक : गट आणि ग्रामसंघ

एकटीने होत नाही ते गटाने होतं. प्रत्येक ताईने आपल्या गल्लीतली पाच घरं वाटून घ्यावीत. कोण एकटी म्हातारी आहे, कोण अपंग आहे, कोणाचं घर मातीचं आहे, याची यादी ग्रामसंघात द्या. ज्या सुनेचे दिवस भरत आले आहेत तिला जोराचा पाऊस लागायच्या आधीच दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे पाठवा. खूण ठरवा : थाळी सलग वाजली तर सगळ्यांनी बाहेर पडायचं.

ग्रामसंघाचा जोखीम प्रवणता निधी अशाच अडीअडचणीसाठी आहे. तो कोणाला, किती आणि कोणाच्या सहीने द्यायचा, याचा ठराव आताच लिहून ठेवा. पूर आल्यावर सभा भरवणार कुठे?

पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता फक्त २० रुपये आहे. १८ ते ७० वयाच्या खातेदाराला अपघाती मृत्यूवर २ लाखांचं संरक्षण मिळतं, आणि नैसर्गिक आपत्तीतला मृत्यू त्यात धरला जातो. हप्ता मेअखेर खात्यातून जातो. खात्यात २० रुपये नसले तर विमा तुटतो. बैठकीत प्रत्येकीचं पासबुक उघडून पाहा.

नुकसान झालंच तर आवरण्याआधी फोटो काढा, तलाठ्यांना आणि ग्रामसेवकांना कळवा, आणि पंचनाम्यात आपलं नाव व नुकसान बरोबर लिहिलंय का, हे वाचूनच सही करा.

बैठकीत विचारायचे प्रश्न

१. आज रात्री लाईट आणि नळ दोन्ही गेले तर तुमच्या घरात किती दिवसांचं गोड पाणी आहे?
२. कागदांची पिशवी अंधारात हाताला लागेल का?
३. साप चावला तर तुमच्या घरातलं कोण आधी काय करेल?
४. तुमच्या वाट्याच्या पाच घरांत सगळ्यात आधी कोणाचं दार वाजवाल?

चारही उत्तरं गटाच्या इतिवृत्तात लिहा. पुढच्या वर्षी याच महिन्यात ती परत वाचा.