देव दारी येतो तेव्हा…

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीला आपल्या देवळातली पालखी निघते तेव्हा नवीन मंडळी हमखास विचारतात, "देव तर गाभाऱ्यात आहेच, मग रस्त्यावरून कशाला न्यायचा?" प्रश्न साधा आहे. उत्तर मला शास्त्रापेक्षा सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत सापडलं. अक्कलकोट, गाणगापूरला जाताना आपण सोलापूरला उतरतो, म्हणून तिथलं उदाहरण घेतो.

श्री सिद्धरामेश्वर हे १२व्या शतकातले शिवयोगी. त्यांनी सोलापूरच्या पंचक्रोशीत ६८ लिंगं स्थापन केली. एका कुंभारकन्येनं त्यांच्याशी विवाहाची इच्छा धरली. ते विरक्त, म्हणून तिचा विवाह त्यांच्या योगदंडाशी झाला, अशी कथा आहे. संक्रांतीच्या सुमारास यात्रेत तोच सोहळा होतो. पहिल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, तिसऱ्या दिवशी होम. पुढे शोभेचं दारूकाम आणि शेवटी नंदीध्वजांची वस्त्रं उतरवण्याचा कप्पडकळ्ळी.

मिरवणूक उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून निघते. पांढरी बाराबंदी घातलेले भक्त सात उंच नंदीध्वज पेलतात. वाटेत "हर्र बोला हर्र" चा गजर चाललेला असतो. हे पेलणं एका दिवसाचं काम नाही, आधी कित्येक दिवस सराव चालतो. एकटा कोणी ते नेऊ शकत नाही. एकानं पेलायचं, बाकीच्यांनी तोल सांभाळायचा, आणि दमला की दुसऱ्यानं पुढे व्हायचं. सातही ध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत. त्यामुळे यात्रा एका घराची राहत नाही, गावाची होते.

आता माझी गोष्ट. नोकरीत असताना माझी बदली काही वर्षं सोलापूरला होती. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. "मला एकदा दर्शन घडव रे," असं ती म्हणायची. मी म्हणायचो, "आई, केवढी गर्दी आहे, पुढच्या वर्षी बघू." त्या वर्षी मी कौंटरवर पैसे मोजत बसलो होतो. तिकडे शेजारच्या दोन पोरांनी आईला खुर्चीसकट उचलून कोपऱ्यावर नेलं. नंदीध्वज तिच्या समोरून गेले. संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, "देव आला होता रे." पुढची यात्रा तिनं पाहिली नाही. रोजचा हिशोब जुळवणाऱ्या मला हा एक हिशोब काही जुळवता आला नाही.

तेव्हा कळलं की मिरवणूक हा थाटमाट नव्हे. ज्याला देवळापर्यंत येता येत नाही, त्याच्यापर्यंत देवानं चालत जाणं म्हणजे मिरवणूक. वाडीला, गाणगापूरला पालखी निघते, तिथंही हाच भाव धरावा.

म्हणून यंदाच्या पालखीपुरत्या तीन गोष्टी करूया. एक, आपल्या गल्लीत कोण अंथरुणाला आहे, कोणाला जिना उतरवत नाही, त्यांची यादी आधी करावी. दोन, त्या दारापाशी पालखी दोन मिनिटं थांबवावी, वाद्यंही तिथं हळू वाजवावीत. तीन, खांदा बदलताना मानाचा वाद घालू नये. पालखीला खांदा मिळाला हाच मान.

आणि घरातलं कोणी "एकदा दर्शन घडव" म्हणालं, तर पुढच्या वर्षावर ढकलू नका.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥