उलट्या आट्यांचा धडा

चाक बदलणे हे गाडीवाल्याचे सर्वांत सोपे काम समजले जाते. जॅक लावा, नट सोडा, स्टेपनी चढवा, नट आवळा. अर्ध्या तासाचे काम. पण हेच काम एखाद्याचा दोन दिवसांचा धंदा कसा बुडवू शकते, हे स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

वडवणी हे बीड-परळी रस्त्यावरचे आमचे गाव. काही वर्षांपूर्वी मी प्रवासी वाहतुकीसाठी एक जुनी जीप विकत घेतली. पहिल्याच आठवड्यात तेलगावच्या अलीकडे मागचे डावे चाक पंक्चर झाले. पाना लावला, पण नट हलेना. गंज धरला असेल असे समजून पान्यावर मीटरभर लांबीचा पाईप चढवला आणि सगळे अंग त्यावर टाकले. कटकन आवाज झाला. नट सुटला असे वाटले, पण तुटला होता बोल्ट! दुसऱ्या नटाचेही तेच झाले. प्रवासी एस.टी.ने निघून गेले आणि त्यांचे भाडे परत द्यावे लागले.

गावातून एका वयस्क मिस्त्रींना बोलावून आणले. ते खाली बसले, बोल्टचे तोंड फडक्याने पुसले आणि म्हणाले, "बेटा, सोडायला निघालास आणि आवळत बसलास." बोल्टच्या तोंडावर इंग्रजी 'एल' हे अक्षर होते. उरलेले तीन नट त्यांनी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवले आणि ते मुकाट्याने सुटले. पुढे हब उतरवून दोन नवे बोल्ट बसवण्यात गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये पडून राहिली.

आटे उलटे का?

नेहमीचा नट काट्याच्या दिशेने आवळतो आणि उलट दिशेने सुटतो. गाडी पुढे जाताना उजवे चाक बाहेरून पाहिले तर काट्याच्या दिशेने फिरते, डावे चाक त्याच्या उलट. चाक ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने नट आवळला जावा, म्हणजे तो वाटेत सैल पडणार नाही, असा जुन्या कारखानदारांचा हिशेब होता. विलीज जीपला म्हणूनच डाव्या बाजूला उलटे आटे होते. महिंद्रा कंपनीने भारतात याच विलीजच्या परवान्यावर जीप बनवायला सुरुवात केली. आजच्या मोटारींना सहसा दोन्ही बाजूंना नेहमीचेच आटे असतात. त्यामुळे नव्या पोरांना ही गोष्ट ठाऊक नसते.

खरे तर उलटे आटे आपण रोज पाहतो. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. वेल्डिंगवाल्याच्या ऑक्सिजनच्या टाकीला नेहमीचे, तर अ‍ॅसिटिलीनच्या टाकीला उलटे आटे असतात. एकाची नळी चुकून दुसऱ्याला बसू नये, म्हणून ही सोय.

जोराचा हिशेब

पान्याची लांबी आणि लावलेले वजन यांचा गुणाकार म्हणजे नटावर येणारा पीळ. ४० सेंटिमीटरच्या पान्यावर २५ किलोचा जोर लावला की १० किलोग्रॅम-मीटर पीळ येतो. जीपच्या नटाला साधारण एवढाच पुरतो. ६५ किलोचा माणूस मीटरभर पाईपच्या टोकावर उभा राहिला तर हाच आकडा ६५ होतो, म्हणजे साडेसहापट. मग बोल्ट तुटणारच.

हे ध्यानात ठेवावे

१. पाना लावण्याआधी बोल्टचे तोंड पुसून खूण पाहावी. खूण नसेल तर उघडे आटे कोणत्या बाजूला चढतात ते निरखावे.

२. दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करावेत, मगच जॅक चढवावा.

३. गंज असेल तर तारेच्या ब्रशने आटे साफ करून गंज सोडवणारे तेल सोडावे आणि थोडा वेळ थांबावे.

४. बसवताना आटे पुसून कोरडे करावेत. नट आधी हाताने चढवावेत, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत.

५. पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा तपासावेत.

शेवटची गोष्ट व्यवहाराची. जुनी गाडी घेताना आपण कागदपत्रे तपासतो, टायर पाहतो, किमतीची घासाघीस करतो. पण पहिल्या मालकाला गाडीच्या खोडी विचारत नाही. मी जीप घेतली तेव्हा तो मालक समोरच चहा पीत बसला होता. "हिचे काही वेगळे आहे का?" एवढा प्रश्न विचारला असता तर दोन बोल्ट आणि दोन दिवस वाचले असते. पुढे मी ती जीप विकली, तेव्हा डाव्या चाकांच्या वर पांढऱ्या रंगाने बाण काढून दिला.