उसाचे पाचट, बुरशी आणि विकर

सातारा व सांगली जिल्ह्यांत कृष्णाकाठी ऊसतोडणी झाली की अनेक फडांत पाचट पेटविले जाते. हेक्टरी सुमारे ८ ते १० टन पाचट निघते. ते जाळल्याने त्यातील सेंद्रिय द्रव्य व नत्र जमिनीला मुकतात. चिपाड कारखान्याच्या बॉयलरला इंधन म्हणून उपयोगी पडते. पाचट मात्र बहुधा उपेक्षित राहते.

पाचटाचा प्रमुख घटक सेल्युलोज होय. शर्करेच्या रेणूंची ही लांब साखळी तोडणाऱ्या विकरांना सेल्युलेज म्हणतात. ट्रायकोडर्मा बुरशी ही विकरे विपुल स्रवते. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती साहित्य कुजविणाऱ्या बुरशींचा अभ्यास झाला. त्यात सापडलेल्या वाणाचे सुधारित वंशज आज वस्त्रोद्योगासाठी आणि इथेनॉलसाठी लागणारे सेल्युलेज देतात.

बुरशी विकर स्रवते ते अन्न मिळविण्यासाठी. आयती साखर मिळाली की ही निर्मिती मंदावते. म्हणून चिपाड वापरावयाचे झाल्यास त्यातील उरलेली साखर प्रथम धुऊन काढावी लागते.

किण्वनासाठी पाचट बारीक करून सौम्य अल्कलीने लिग्निनचे बंध सैल करतात व ते स्वच्छ धुतात. नत्रासाठी गव्हाचा कोंडा मिसळून मिश्रण वाफेने निर्जंतुक करतात, मग बुरशीचे बीजाणू पेरतात. ओलावा ६० ते ७० टक्के, तापमान २८ ते ३० अंश सेल्सिअस व सामू ५ च्या आसपास ठेवल्यास साधारणतः ५ ते ७ दिवसांत विकर काढता येते. ओलावा वाढला तर हवा कोंडते. थर जाड झाला तर बुरशीच्याच उष्णतेने तो तापतो. हे घटक परस्परांत गुंतलेले असल्याने एकेक न बदलता नियोजित प्रयोगांतून एकत्रित तपासणे श्रेयस्कर ठरते. गाळणकागदापासून ठराविक वेळात किती शर्करा सुटते, यावरून विकराची ताकद मोजतात.

शुद्ध विकराची निर्मिती हे प्रयोगशाळेचे काम आहे. परंतु तेच तत्त्व शेतातही उपयोगी पडते. पाचटाची कुट्टी करून दर टनास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो कुजविणारे जिवाणू-बुरशी संवर्धक टाकावे आणि ओलावा राखावा. सरपंच व शिक्षक यांनी गावातील एका तरी फडावर हे प्रात्यक्षिक घडवून आणल्यास पाचटाला काडी लावण्यापूर्वी शेतकरी खचित विचार करील.