रुळांची रुंदी : नागपूरच्या रेल्वे-संग्रहालयाची एका दिवसाची सहल

शैक्षणिक सहल ही शाळेची सुट्टी नव्हे; तो वर्गाबाहेर घेतलेला पाठ होय. पाठास निश्चित प्रश्न नसेल, तर मुले इंजिने पाहून येतात व चार दिवसांत विसरतात. भातकुली परिसरातील शाळांना बडनेरा स्थानकावरून एका दिवसात करता येण्याजोगी एक सहल आहे. ती नागपूरच्या मोतीबाग येथील नॅरोगेज रेल्वे-संग्रहालयाची. हे संग्रहालय २००२ साली सुरू झाले. या सहलीस एकच प्रश्न पुरे : एकाच देशात रुळांच्या रुंदीची मापे वेगवेगळी का?

पूर्वतयारी. शाळेच्या पटांगणात फक्कीने रेघांच्या दोन जोड्या आखाव्यात. पहिलीतील अंतर १,६७६ मिलिमीटर, म्हणजे ब्रॉडगेज. दुसरीतील ७६२ मिलिमीटर, म्हणजे नॅरोगेज. रुंदी निम्म्याहूनही कमी झाली, हे मुलांनी स्वतः मोजून सांगावे. अरुंद मार्गास जमीन, मातीकाम व पोलाद कमी लागते. वळणेही अधिक तीव्र घेता येतात. म्हणून तो स्वस्तात होतो.

उदाहरण घरचेच घ्यावे. वऱ्हाडचा कापूस वाहण्यासाठी मूर्तिजापूर–यवतमाळ हा नॅरोगेज मार्ग १९०३ मध्ये व मूर्तिजापूर–अचलपूर हा १९१३ मध्ये सुरू झाला. लोकांनी या गाडीस ‘शकुंतला’ म्हटले. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चाले. आता ती बंद आहे. मुंबई–नागपूर मार्ग मात्र ब्रॉडगेज असल्याने मूर्तिजापुरास प्रत्येक गाठोडे उतरवून पुन्हा चढवावे लागे. हा व्याप मुलांकडून करवून घ्यावा. दप्तरे गाठोडी समजून ती अरुंद रेघांवरून आणावीत, खाली ठेवावीत, मग रुंद रेघांवर न्यावीत. वेळ घड्याळाने मोजावा. स्वस्त मार्गाची किंमत कोठे द्यावी लागते, ते मुलांच्या हातांनाच कळेल.

प्रवास. बडनेरा ते नागपूर हे अंतर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर आहे. पाच ते बारा वर्षांखालील मुलांस अनारक्षित डब्यात अर्धे भाडे पडते. शैक्षणिक सवलतीची व संग्रहालयाच्या साप्ताहिक सुट्टीची चौकशी आधीच करावी. मुलांनी चांदूर, धामणगाव, पुलगाव ही स्थानके क्रमाने लिहावीत. पुलगावापूर्वी वर्धा नदी ओलांडताच अमरावती जिल्हा संपतो, हे नकाशात दाखवावे. स्थानकावर कोणीही रुळांत उतरू नये. मोजणी संग्रहालयातच, तेथील कर्मचाऱ्यांच्या अनुमतीने करावी.

संग्रहालयात. प्रत्येक गटास एकच काम द्यावे. एका गटाने रुळांतील अंतर मोजावे, दुसऱ्याने इंजिनाची चाके मोजावीत, तिसऱ्याने डब्याची रुंदी नोंदवावी. शिक्षकांनी उत्तर सांगण्याची घाई करू नये.

खर्चाविषयी. मजुरी बुडवून शेतात राबणाऱ्या घरास सहलीची वर्गणी जड जाते. अशा घरचे मूल मागे राहिले, तर ती सहल शाळेची न राहता काही घरांची होते. म्हणून वर्गणी जाहीर करण्यापूर्वीच अशा मुलांच्या खर्चाची तजवीज करावी, आणि ती कोणाची, हे वर्गात कळू देऊ नये.

अनुधावन. परतल्यावर मुलांनी ‘शकुंतला’ने प्रवास केलेल्या वडीलधाऱ्यांस तीन प्रश्न विचारून उत्तरे लिहून आणावीत. पटांगणातील रेघा पावसाने पुसल्या, तरी १,६७६ व ७६२ हे आकडे मुलांस कारणासह सांगता आले, तर पाठ पूर्ण झाला असे समजावे.