पळता पळता पडलेलं मूल

छत्तीसगडच्या बोरसी-भिलाईत घरटी नाही तरी गल्लीआड एखादा पोरगा पोलीस भरतीची नाहीतर अग्निवीरची तयारी करत असतो. पहाटे उपाशीपोटी धावताना तो कोसळला की घरचे म्हणतात, "खाऊन गेला नव्हता." तेवढ्यावर विषय संपवू नका.

शाळेत प्रार्थनेला उभं राहून चक्कर येणं बहुधा साधं असतं. आधी मळमळतं, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, मूल सावकाश खाली बसतं. पण धावताना, पोहताना किंवा फटाक्याचा आवाज होताच धाडकन पडणं वेगळं. तिथे हृदयाचा ताल बिघडल्याचा संशय घ्यायचा. मेंदूला रक्त न पोचल्याने झटकेही येतात. मग फिटच्या गोळ्या सुरू होतात आणि ईसीजी राहूनच जातो.

अशा मुलांत कधी हृदयाचा स्नायू जास्त जाड असतो, तर कधी विजेच्या वहनात दोष असतो, ज्याला आम्ही लाँग क्यूटी म्हणतो. हे आजार बरेचदा घराण्यातून येतात, म्हणून मी आजी-आजोबांपर्यंत चौकशी करतो. पट्टीचा पोहणारा मामा तळ्यात बुडाला, हे कुणी आपणहून सांगत नाही. विचारलं की निघतं. पन्नाशीच्या आत कुणी अचानक गेलं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. ईसीजी आणि इको करून घ्या, आणि निदान होईपर्यंत धावणं बंद.

इटलीत 1982 पासून स्पर्धात्मक खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची आहे. व्हेनेटो प्रांतात त्यानंतर तरुण खेळाडूंचे अचानक हृदय थांबून होणारे मृत्यू जवळपास नव्वद टक्क्यांनी घटले. तरी ईसीजी म्हणजे अभयपत्र नव्हे; हृदयाची रक्तवाहिनी जन्मतःच चुकीच्या जागेतून निघाली असेल तर तो साफ नॉर्मल येऊ शकतो. व्यायाम करताना छातीत दुखणं, दम लागणं नव्याने सुरू झालं तर जुना रिपोर्ट दाखवून गप्प बसू नका. ताप अंगात असताना सराव नको. धावण्याआधी एनर्जी ड्रिंक तर नकोच.

आणि समोर कुणी पडलंच तर? हाक मारा, खांदे हलवा. प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा आचके दिल्यासारखा आहे, तर कांदा हुंगवत, पाणी पाजत बसू नका. एकाने 108 लावायचा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहात ठेवून मिनिटाला 100 ते 120 वेळा जोरात दाबायचं. मोठ्यांत पाच-सहा सेंटिमीटर, लहान मुलांत छातीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. शिकलेला माणूस असेल तर 30 दाबांमागे दोन श्वास. मुलांत ते फार महत्त्वाचे. शॉक देणारं एईडी यंत्र जवळ असेल तर लगेच आणा. डेन्मार्कचा फुटबॉलपटू एरिक्सन 12 जून 2021 रोजी मैदानातच पडला. छातीवरचे दाब आणि शॉक तिथल्या तिथे मिळाले, म्हणून वाचला आणि पुढल्याच वर्षी पुन्हा खेळला.

खर्चाच्या भीतीने तपासणी टाळू नका. शाळेत मुलांच्या तपासणीला येणाऱ्या सरकारी 'चिरायु' पथकाला मुलाची तक्रार सांगा. जन्मजात हृदयदोष निघालाच, तर नवा रायपूरच्या सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांची शस्त्रक्रिया मोफत होते. जाताना आधीचे सगळे कागद आणि ईसीजीची मूळ पट्टी बरोबर न्या.