ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली असे नाही

दाढदुखीच्या बाबतीत आपली सर्वांत मोठी फसगत दुखण्यामुळे होत नाही, दुखणे थांबल्यामुळे होते. घरोघरी क्रम ठरलेला असतो. आधी थंड पाणी लागते, मग गोड खाल्ले की सणक जाते आणि एखाद्या रात्री दाढ अशी ठणकते की उशीला गाल टेकवत नाही. कुणी लवंगेचे तेल लावते, कुणी मिश्री दाबून धरते, सकाळी मेडिकलमधून गोळ्या येतात. दोन-चार दिवसांत ठणका ओसरतो आणि दाताच्या डॉक्टरकडे जाण्याचा विषय मागे पडतो. मला कळकळीने सांगायचे आहे ते हेच, की धोका इथून पुढे वाढत जातो. हे का, ते एकदा समजले की गोळ्यांवर दिवस काढण्याचा मोह आपोआप कमी होईल.

दाताच्या पोटात मऊ गर असतो. त्यात नस आणि बारीक रक्तवाहिन्या असतात आणि त्या मुळाच्या टोकाशी असलेल्या अगदी लहान छिद्रातून आत येतात. कीड गरापर्यंत पोहोचली की गर सुजतो, पण भोवतीच्या टणक भिंतींमुळे त्या सुजेला पसरायला जागाच नसते. आतला दाब वाढतो, रक्तपुरवठा तुटतो आणि गर मरतो. मेलेली नस दुखत नाही, म्हणून रुग्णाला एकदम बरे वाटते. जिवाणू मात्र त्या मृत गरात वाढत राहतात, मुळाच्या टोकातून बाहेर पडतात आणि तिथल्या हाडात पू साठतो. आता दाढ चावताना उंच झाल्यासारखी वाटते, नुसती टेकली तरी कळ येते. काही वेळा पू हाड पोखरून हिरडीवर वाट काढतो. तिथे लहानशी पुटकुळी येते, ती फुटते, तोंडाला घाण चव येते आणि दाब गेल्यामुळे ठणका पुन्हा थांबतो. दोन्ही वेळा आराम पडतो आणि दोन्ही वेळा रोग जागच्या जागी असतो.

प्रतिजैविकाची गोळी इथे अपुरी का पडते, तेही यातूनच कळते. औषध रक्तातून पोहोचते आणि मेलेल्या गरात रक्तच जात नाही. गोळी भोवतालची लागण काही काळ दाबते; कोर्स संपला की आतले जिवाणू पुन्हा डोके वर काढतात. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2019 साली दिलेल्या मार्गदर्शनात म्हटले आहे, की एरवी धडधाकट असलेल्या प्रौढ माणसाला दातावरचे उपचार लगेच मिळत असतील, तर अशा बहुतेक दुखण्यांत प्रतिजैविक देऊ नये. ताप असेल, सूज पसरत असेल, तर ते द्यावेच लागते, पण दातावरच्या उपचाराच्या जोडीला. सर्वांत बोलका पुरावा एक्स-रेमध्ये दिसतो. मुळाच्या टोकाशी हाड गेल्याची काळी छाया असते. रूट कॅनालमध्ये डॉक्टर दाढेला वरून छिद्र पाडून, बारीक सुयांनी आणि जंतुनाशक द्रावणाने मुळांच्या नळ्या स्वच्छ करून त्या बंद करतात. पुढच्या काही महिन्यांत, कधी वर्षभरात, ती छाया भरत येते. मूळ घाण निघाली की हाड स्वतःच भरून येते.

यावर काही आक्षेप हमखास ऐकू येतात. सुजेवर दात काढू नये, हा पहिला. सुजलेल्या जागी भूल नीट लागत नाही, हे खरे आहे. पण डॉक्टर लांबून, नसेच्या मुळाशी इंजेक्शन देऊ शकतात. चिरा देऊन पू काढणे, दाढ उघडणे किंवा ती काढणे यांपैकी काय आधी करायचे हे त्यांनी ठरवावे. सूज उतरेपर्यंत घरी बसणे हा उपाय नाही. वरची दाढ काढली की नजर जाते, हा दुसरा. दातांची संवेदना नेणारी नस वेगळी आणि दृष्टीची वेगळी. उलट वरच्या दाढेतला पू तसाच ठेवला तर सूज डोळ्यापर्यंत चढू शकते. तिसरा आक्षेप खर्चाचा आणि तो मी हलका मानत नाही. रूट कॅनाल आणि कॅपचा खर्च अनेक घरांना जड जातो. पण दाढ काढणे हाही पूर्ण उपचार आहे आणि मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी खर्चात उपचार होतात. 2007 साली अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात 12 वर्षांच्या एका मुलाच्या दातातली लागण मेंदूपर्यंत गेली. जो दात सुमारे 80 डॉलरमध्ये निघाला असता, त्यापायी मेंदूच्या शस्त्रक्रिया होऊन अडीच लाख डॉलर खर्च झाले आणि तरीही मुलगा वाचला नाही.

असे क्वचित घडते, पण त्याची चिन्हे प्रत्येकाला माहीत हवीत. खालच्या मागच्या दाढांची मुळे जबड्यात खोलवर असतात. तिथला पू जिभेखाली आणि गळ्याकडे उतरू शकतो. जर्मन वैद्य लुडविग यांनी 1836 मध्ये वर्णन केलेला हा आजार श्वासनलिका दाबतो. तोंड उघडेनासे झाले, गिळता येईना, लाळ गळू लागली, जिभेखाली किंवा गळ्याला सूज आली, डोळा मिटू लागला किंवा श्वास लागला, तर दातांचा दवाखाना उघडण्याची वाट पाहू नका. तडक मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. मधुमेह असेल तर साधी सूजही अंगावर काढू नका, साखर तपासून घ्या.

डॉक्टर भेटेपर्यंत कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात, सोसेल ती वेदनाशामक गोळी घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार, अल्सर किंवा गरोदरपण असेल तर आधी विचारूनच. हिरडीवर अॅस्पिरिन ठेवू नये, त्याने तोंड भाजते. गालाला बाहेरून गरम शेक देऊ नये, पुटकुळी सुईने फोडू नये आणि मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या पुन्हा सुरू करू नयेत. आणि ठरलेल्या भेटीआधीच ठणका थांबला, तर भेट रद्द न करता जा. दाढेचा एक्स-रे काढून घ्या, आत पू उरला आहे का ते विचारा आणि उपचार पूर्ण होईपर्यंत तो दवाखाना सोडू नका.